मागच्या फळीवरचा माणूस

आमच्या आत्याला माणसं नदीपार नेता येत होती. तेवढ्यावर ती थांबली असती तर आमच्या घरातले निम्मे तंटे झालेच नसते. पण होडीत एखादं जोडपं बसलं की त्यांच्या संसाराचा निकाल लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. होडी अलीकडच्या काठावरून सुटली की तिचं बघणं सुरू व्हायचं, आणि पलीकडे वाळूला टेकायच्या आत निकाल तयार असायचा. मध्ये वेळ किती, तर सात मिनिटं. पाणी चढलेलं असलं तर दहा. भाजी निवडायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मी हे सगळं तिच्या होडीत बसून वर्षानुवर्षं ऐकलेलं आहे. दुसऱ्याच्या तोंडचं इथे काही सांगत नाही.

नदी आमच्या गावापाशी येईपर्यंत दमलेली असते. वर डोंगरात तिने घालायचा तो धुडगूस घातलेला असतो. इथे ती पसरते, हळू होते, आणि दुपारच्या वेळी तर चालली आहे की थांबली आहे हे पाण्यावरचं एखादं पान बघूनच कळतं. पूल आहे, पण वरच्या अंगाला, तासाभराच्या वाटेवर. त्यामुळे पलीकडच्या गावात ज्याचं रोजचं काम, त्याला आत्याच्या होडीवाचून इलाज नव्हता. माझी ताई पलीकडच्या दूध संकलन केंद्रात दुधाची फॅट तपासायला जायची. मी शिंप्याकडे काजं-बटणं करायला जायची. रोज सकाळी आम्ही दोघी बहिणी आत्याच्या होडीत, आणि रोज संध्याकाळी परत.

आत्या उंच आणि काटक. अंगात कायम आतोबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आतोबा तिला सोडून गेले त्याला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. होडी त्यांचीच. एक दिवस ते नदीपार गेले आणि परत आले नाहीत. बुडाले नाहीत की काही नाही. तीन वर्षांनी आमच्या गावातल्या एकाने त्यांना लांबच्या शहरात रंगाच्या दुकानात पाहिलं, चांगले धडधाकट, पोट सुटलेले. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती माहेरी आली नाही. काठावरच्या त्यांच्याच दोन खोल्यांत राहिली आणि ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिने होडीच्या खेपा स्वतः चालू केल्या. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, आणि आमच्या घरात कुणी विचारलंही नाही. घरात बोलणं पुष्कळ चालायचं, पण विचारणं कमी.

आता होडीचं सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. बसायला तीन फळ्या होत्या. पुढची, मधली आणि मागची. मागच्या फळीच्याही मागे, अगदी टोकाला, आत्या उभी राहून वल्हवायची. हलकं माणूस पुढे, सामान मध्ये, जड माणूस मागे. असं भरलं की होडी नाक किंचित वर करून सरळ जायची. मागच्या फळीपाशी, आत्याच्या पायांच्या जवळ, तळाला एक फट होती. वीतभर लांब. तिथून पाणी झिरपायचं, म्हणून तिथे पत्र्याचा डबा ठेवलेला असे. मागे बसेल त्याने आत्याकडे तोंड करायचं, खाली वाकायचं आणि काठ येईपर्यंत पाणी उपसत राहायचं. हा रिवाज इतका मुरलेला की नवा माणूसही डबा हातात आला की काही न विचारता उपसायला लागायचा. फट बुजवून का घेत नाही असं कुणी म्हटलं तर आत्या म्हणायची, "बुडालात का कधी? मग झालं तर."

तिची नजर वाईट होती असं मी म्हणणार नाही. एक झाडूविक्या आणि त्याची बायको महिन्यातून दोनदा जायचे. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. आम्हाला वाटायचं यांचं भांडण आहे. आत्या म्हणाली, "त्याच्या सदऱ्यात बघ काय आहे." तर त्याने बायकोच्या चपला स्वतःच्या सदऱ्यात, पोटाशी धरल्या होत्या, भिजू नयेत म्हणून. "यांना काही होत नाही," आत्या म्हणाली, आणि खरंच काही झालं नाही. एका मास्तरांबद्दल आणि त्यांच्या बायकोबद्दल तिने सांगितलं होतं की या दोघांच्या चुली वेगळ्या होणार. वर्षाच्या आत झाल्या. ते दोन निकाल तिने पुढे पंधरा वर्षं वापरले.

पण बेकरीवाल्याचं काय? बेकरीवाला चांगला गलेलठ्ठ माणूस. आत्याने त्याच्या लग्नानंतर पहिल्याच खेपेत सांगितलं होतं, "वर्षभरात ही माहेरी जाते की नाही बघ. तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही." त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. त्यांना चार मुलं झाली. नवरा-बायको पहाटे एकाच परातीत पीठ मळतात आणि गाणी म्हणतात, ती आम्हाला रस्त्यावर ऐकू येतात. मी एकदा म्हटलं, "आत्या, बेकरीवाल्याचं चुकलं तुझं."

"अजून संपलंय कुठे?" आत्या म्हणाली.

याला काय उत्तर द्यायचं? नवरा बघत नसेल तर त्याचं मन नाही. एखादा हलका-फुलका तरुण मधल्या फळीवर बसून बायकोकडे टक लावून बघत असेल तर आत्या आणखीनच नाक मुरडायची. "फार गोड बघतोय. असलेच जातात." माझी आई या सगळ्याला कंटाळून गेली होती. ती म्हणायची, "बघितलं तरी जाणार, नाही बघितलं तरी जाणार. मग त्या बिचाऱ्याने एक डोळा बायकोवर ठेवावा आणि एक माशांवर, असं आहे का वन्सं तुमचं?"

आईला पाण्याची भीती. ती होडीत कधी बसायची नाही. पलीकडे जायचं झालं तर दुधाच्या टेम्पोतून पुलावरून जायची, कॅनच्या मध्ये उभी राहून. आमच्या घरात आत्याच्या निकालांवर वाद घालणारी एकटी तीच, आणि तिने ती होडी आतून बघितलेली नव्हती. बाबा मात्र बहिणीचा शब्द खाली पडू देत नसत. "तिला दिसतं," एवढंच म्हणायचे. बहिणीवर एवढं गुदरलं आणि आपण काही करू शकलो नाही, याची भरपाई बाबा तिच्या प्रत्येक शब्दाला मान देऊन करत होते, असं मला वाटतं. पण त्या भरपाईचा भार पडला तो ताईवर.

दूध केंद्रात थंड पाण्याचा एक पंप होता. चार वर्षांत तो एकदाही बिघडला नव्हता. मग तीन महिन्यांत चार वेळा बिघडला. दर वेळी तोच पंपवाला दुरुस्तीला यायचा. चौथ्या वेळी आईने ताईला विचारलं, "पंप एकटाच बिघडलाय की आणखी कुणी?" ताई लाजली वगैरे नाही, ती तसली नव्हतीच. पीठ चाळता चाळता म्हणाली, "तो विचारणार आहे. मी हो म्हणणार आहे. तुम्ही बघून घ्या."

पंपवाला चांगला आडव्या अंगाचा, खांदे रुंद, नखांत काळं ग्रीस. बोलणं मोजकं. त्याला लांबच्या एका पाणीपुरवठा केंद्रात पक्की नोकरी लागली होती आणि महिन्याभरात हजर व्हायचं होतं. त्याच्या घरच्यांचं म्हणणं सरळ होतं. लग्न करायचं तर जाण्याआधी करू. मुलीकडच्यांनी पंधरा दिवसांत हो की नाही ते सांगावं. शेवटच्या शनिवारपर्यंत निरोप आला नाही तर आम्ही नाही समजू.

मग एका रविवारी तो आमच्या घरी यायला निघाला. ताई आणि मी त्याला आणायला गेलो होतो. आत्याला आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे ती सदऱ्याच्या बाह्या जरा जास्तच वर दुमडून उभी होती. आम्ही दोघी पुढच्या फळीवर. मध्ये कोंबड्यांचं खुराडं घेऊन बसलेली एक म्हातारी. पंपवाला मागे. सात मिनिटं मी मागे वळून वळून बघत होते. तो वाकून पाणी उपसत होता, थांबून त्या फटीवर बोट फिरवत होता, पुन्हा उपसत होता. ताई नदीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

होडी टेकली. तो उतरला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "आत्या, ही फट सुतळी आणि डांबराने तासाभरात बुजेल. पुढच्या वेळी येताना मी डांबर घेऊन येतो."

आत्याने वल्हं वाळूत रोवून असा धक्का दिला की म्हातारीला धड उतरताही आलं नाही. म्हातारी एका पायावर पाण्यात, खुराडं डोक्यावर, आणि तोंडाने आत्याचा उद्धार करते आहे. आम्हाला वाटलं, घाईत असेल. तिकडे उतारू तर कुणीच नव्हते.

घरी सगळं व्यवस्थित झालं. आईने त्याला दोनदा वाढलं. बाबांनी त्याला विहिरीवरचा पंप दाखवला आणि दोघं तासभर तिथेच रमले. आईला वाटलं, जमलं. संध्याकाळी आत्या आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "दादा, नको. हा सोडून जाणारा आहे."

"कशावरून?" आई म्हणाली.

"सगळा वेळ मान खाली. एकदा वळून तिच्याकडे बघितलं नाही त्याने. मी समोर उभी होते, मला दिसत नाही का?"

"अहो, पण लाजला असेल."

"लाजणारा माणूस चोरून बघतो, वहिनी. हा बघतच नव्हता."

बाबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. काही अवघड आलं की ते असंच करायचे. ताई आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, मी त्याला तीन महिने बघतेय."

"मीही अकरा वर्षं बघत होते," आत्या म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतरचे बारा दिवस कसे गेले ते विचारू नका. बाबा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. विचारलं की, "बघू," म्हणायचे. त्या "बघू"ने आईच्या डोक्यात तिडीक जायची. ताई कामाला जात होती, येत होती, होडीत बसत होती, आणि आत्याशी बोलत नव्हती. मी मध्ये. एकीकडून बहीण, एकीकडून आत्या, आणि दोघीही माझ्यामार्फत बोलायच्या. "तिला सांग, जेवणाचा डबा घेतलास का विचारलंय." "तिला सांग, माझा मी घेतलाय." तिघींमध्ये हातभराचं अंतर असताना मी हे निरोप पोचवत होते.

मी आत्याला एकटीला गाठून समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, "तू त्याला पुन्हा एकदा बघ." ती म्हणाली, "एकदा बघितलेलं पुरतं." म्हटलं, "बेकरीवाला?" ती म्हणाली, "अजून संपलंय कुठे?" मी डोकं काठावर आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

शुक्रवारी सकाळी आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "उठा. आपण दोघं त्यांच्या घरी जातोय. त्याच्या आईवडिलांशी मी बोलते. मला जे काय बघायचं ते मी त्यांच्या स्वयंपाकघरात बघीन." पंपवाल्याला निरोप देऊन शिंप्याकडे न थांबता तशीच परत ये, असं तिने मला सांगितलं. बाबा म्हणाले, टेम्पो तर गेला. आई म्हणाली, "होडी आहे ना?"

आम्ही सगळेच तिच्याकडे बघत राहिलो. तीस वर्षांत ती त्या होडीत बसली नव्हती.

दुपारी ऊन कलतं झाल्यावर आम्ही काठावर गेलो. आई, बाबा आणि मी. पाण्यावर वारा नव्हता. पलीकडची झाडं पाण्यात उलटी उभी होती, इतकी स्वच्छ की खरी कोणती ते सांगता येऊ नये. आईने डोळे मिटले, माझा हात धरला आणि होडीत पाय टाकला.

"वहिनी पुढे," आत्या म्हणाली. मग बाबांकडे बघून तिने नुसती हनुवटी हलवली. बाबा मुकाट्याने मागच्या फळीवर गेले, तोंड आत्याकडे केलं, डबा उचलला. मी मधल्या फळीवर बसले. होडी सुटली.

निम्म्या वाटेपर्यंत आई डोळे मिटूनच होती. मग तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. पुढच्या फळीवर ती मागे तोंड करून बसली होती, पाणी दिसू नये म्हणून. त्यामुळे तिला सगळी होडी दिसत होती. आम्ही रोजच्या बसणाऱ्यांनी जे कधीच बघितलं नव्हतं ते तिला पहिल्याच खेपेत दिसलं.

"वन्सं," ती म्हणाली, "एक विचारू? आम्हा दोघांचं काय सांगता?"

"तुमचं काय सांगायचं? तीस वर्षं झाली तुमची."

"तिऱ्हाईत आहोत असं समजा. आत्ताच बसलोय होडीत. सांगा."

"वहिनी, काहीतरीच काय."

"तुमच्या दादांनी वळून बघितलं का माझ्याकडे? मला पाण्याची एवढी भीती, मी तीस वर्षांत पहिल्यांदा बसलेय, आणि हे पाठ करून बसलेत. मान खाली. एकदा विचारलं नाही, घाबरलीस का म्हणून."

"अगं, पाणी येतंय इथे," बाबा खालून म्हणाले.

"ऐकलंत? पाणी येतंय म्हणे."

आत्याचं वल्हं थांबलं. होडी हळूच आडवी व्हायला लागली.

"मागे बसेल तो उपसणारच," आत्या म्हणाली.

"आणि मागे कोण बसवतं?"

"कुणी बसवत नाही. ज्याचं त्याला कळतं."

"तू आत्ता हनुवटीने दाखवलंस की मला," बाबा म्हणाले. त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितलं. त्यांना अजून काही उमगलेलं नव्हतं. "रोजच दाखवतेस. बेकरीवाल्यालाही मागेच बसवतेस. तो नसला की होडी नाक खुपसते म्हणून तूच तर कुरकुरतेस."

आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. माझ्या डोळ्यांपुढून पंधरा वर्षांची माणसं सरकत गेली. सगळे जाड नवरे मागे, डबा हातात, मान खाली, बायकोकडे पाठ. सगळे बारीक नवरे मधल्या फळीवर, करायला काही काम नाही, म्हणून समोर बायकोकडे बघत. पाठ करणारे बिनमनाचे आणि बघणारे गोडबोले. कितीएक संसारांचा निकाल वजनावर लागला होता. मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. बारा दिवस ताईने धड जेवण केलं नव्हतं.

"आत्या," मी म्हटलं, "पंपवाल्याला तूच बसवलंस मागे. तूच डबा दिलास. आणि तोच पाणी उपसत होता म्हणून..."

"वल्हं मार गं," बाबा म्हणाले, "वाहत चाललोय आपण."

आत्याने दोन हात मारले, होडी सरळ केली. मग ती म्हणाली, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, "ते नुसतं बघण्याचं नव्हतं."

"मग कशाचं होतं?" आई म्हणाली.

"तो डांबर घेऊन येतो म्हणाला."

"मग? चांगलंच आहे की," बाबा म्हणाले.

"यांनीही हेच सांगितलं होतं."

बाबांचा डबा हातातच राहिला. होडीत पाणी यायचं ते येत होतं.

"फट तेव्हा टीचभर होती," आत्या म्हणाली. "मला म्हणाले, पलीकडे सोड, डांबर घेऊन येतो. मीच सोडलं त्यांना. मीच वल्हवत होते. आणि त्या दिवशी ते मागे नाही बसले. मधल्या फळीवर बसले, तोंड माझ्याकडे. सगळी वाट माझ्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आज काय एवढं बघतायत." तिने वल्हं दुसऱ्या हातात घेतलं. "मला आपलं बरं वाटत होतं."

  पाण्याचा आवाज येत होता, फटीतून, अगदी बारीक.

मग आईने तिच्या स्वभावाप्रमाणे विचारलंच. पण आवाज खाली आणून विचारलं. "वन्सं, अठरा वर्षं गावाचे पाय भिजतायत. तुम्ही स्वतः का नाही हो आणलंत डांबर?"

"डांबर आणायला माणूस गेलाय ना माझा," आत्या म्हणाली. "मग मी कशाला आणू?"

 बाबांनी डबा खाली ठेवला, हात पुढे करून बहिणीच्या पायावर, घोट्यापाशी, ठेवला आणि तसेच बसून राहिले. पाणी त्यांच्या बुटांत शिरलं तरी त्यांनी हात काढला नाही. अठरा वर्षांत विचारायचं राहिलेलं त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. पण हात ठेवला.

पलीकडचा काठ जवळ आला. माझा निरोप पोचल्यामुळे पंपवाला आम्हाला घ्यायला येऊन उभा होता. त्याच्या एका हातात सुतळीचं बंडल होतं, दुसऱ्या हातात झाकणाचा डबा, आणि डब्याच्या कडेने काळे ओघळ. तो पाण्यात दोन पावलं आला आणि त्याने होडीचं नाक धरलं.

आत्या त्या डब्याकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. त्या पोराची अवस्था कठीण झाली, तो एकदा डब्याकडे आणि एकदा आमच्याकडे बघायला लागला.

"कुणी सांगितलं होतं तुला आणायला?" आत्या म्हणाली.

"मीच म्हटलं होतं ना, पुढच्या वेळी आणतो म्हणून."

"पुढच्या वेळी म्हणजे तू अलीकडे येशील तेव्हा."

"तुम्ही येताय कळलं. म्हटलं, होडी इथेच तर लागणार."

आत्याने वल्हं आडवं ठेवलं आणि उतरली. "मग बघतोस काय? वर ओढ होडी. दादा, तूही हात लाव."

त्या दिवशी अठरा वर्षांत पहिल्यांदा होडी भर दुपारी बंद राहिली. दोघांनी ती वाळूवर ओढली, उलटी केली. पंपवाल्याने फट खरवडली, सुतळी पिळून पिळून आत दाबली, तीन विटा मांडून डांबर पातळ केलं. अलीकडच्या काठावर माणसं जमली आणि हाका मारायला लागली. आत्या वाळूत पाय पसरून बसली होती, तिने एकाही हाकेला ओ दिली नाही. ती त्याचे हात बघत होती. त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि आमच्याकडेही नव्हतं. तो मान खाली घालून काम करत होता.

डांबर सुकत आलं तशी आत्या उठली, सदरा झटकला आणि बाबांना म्हणाली, "दादा, तू निरोप दिलास की नाही यांच्या घरी?"

"कसला निरोप?"

"लग्नाचा. उद्या शनिवार. लोकांना असं ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. तुझं हे नेहमीचंच आहे, बघू, बघू."

बाबांनी टोपी काढली. आईने कपाळाला हात लावला, आणि तो तसाच ठेवून पंपवाल्याच्या घराकडे चालू लागली.

लग्न झालं. ताई त्याच्याबरोबर लांबच्या गावी गेली. तिच्या संसाराचं मी इथे काही सांगणार नाही. तो सात मिनिटांत सांगता येण्यासारखा नाही, आणि तिच्यासमोर मी तसा प्रयत्न केला तर ती मला घरात घेणार नाही.

आत्याचं म्हणाल तर ती आठ दिवसांत पूर्ववत झाली. गावात सांगायला लागली, "पंपवाल्याचं मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं." आई हे ऐकायची आणि भांडी जरा जास्त आवाज करून घासायची. फट बुजली ती पक्की बुजली, नंतर एक थेंब आत आला नाही. पण रीत काही बुजली नाही. जड माणूस अजून मागेच बसतो. आत्या हनुवटी हलवते, पायाने डबा त्याच्याकडे सरकवते, आणि तो बिचारा रिकामा डबा हातात घेऊन, कोरड्या तळाकडे बघत, आपण नेमकं काय करायचं आहे याचा विचार करत काठ येईपर्यंत मान खाली घालून बसतो.

"बघ," आत्या मला हळूच म्हणते, "एकदा तरी वळून बघितलं का बायकोकडे?"